आचोळ्याहून विमान: तिकीट कधी काढावं आणि खरा खर्च किती

मंगळवारी रात्री बारानंतर तिकीट स्वस्त मिळतं. मोबाइलमध्ये ब्राउझरची गुप्त खिडकी उघडून शोधलं तर कंपनीला आपण ओळखू येत नाही. शेवटच्या दिवशी रिकाम्या जागा मातीमोल भावात काढतात. नालासोपारा पूर्वेला, आचोळ्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गणपतीच्या आधी दोन महिने ही तिन्ही वाक्यं फिरू लागतात. पहिल्यात थोडं जुनं तथ्य आहे, दुसऱ्याला भक्कम पुरावा नाही आणि तिसऱ्यावर विसंबून राहिलेला माणूस शेवटी पनवेलहून एसटीने कणकवलीला जातो.

मंगळवारची गोष्ट अमेरिकेतून आली. तिथल्या कंपन्या सोमवारी संध्याकाळी सवलतीचे दर जाहीर करत आणि मंगळवारी दुपारपर्यंत बाकीच्या कंपन्या तेवढेच दर खाली आणत. आता दर संगणक ठरवतो आणि दिवसातून कितीही वेळा बदलतो. तिकीट कोणत्या वारी काढलं याने फारसं बिघडत नाही, विमान कोणत्या वारी पकडलं याने बिघडतं. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार रात्र महाग, मंगळवार-बुधवार दुपार स्वस्त. मंगळवार खरा, पण तो प्रवासाचा.

दर कसा चढतो हे एकदा कळलं की अर्धं काम होतं. देशांतर्गत मार्गावरच्या नेहमीच्या विमानात 180 च्या आसपास जागा असतात. लोकलच्या दुसऱ्या वर्गासारखा तिथे सगळ्यांना एकच दर नसतो. कंपनी त्या जागा भावाच्या कप्प्यांत वाटते. सगळ्यांत खालच्या भावाच्या थोड्या, त्यावरच्या भावाच्या आणखी काही, असं वर वर जातं. खालचा कप्पा संपला की पुढचा उघडतो. विक्री मंदावली तर संगणक खालचा कप्पा पुन्हा उघडतो, म्हणून कधीमधी दर उतरलेलाही दिसतो. विमान सुटायला आठ-दहा दिवस उरले की खालचे कप्पे बहुधा बंदच होतात. त्या वेळी तिकीट काढणारा माणूस कामासाठी, आजारपणासाठी किंवा मयतीसाठी निघालेला असतो आणि तो लागेल ती किंमत देतो, हे कंपनीला ठाऊक असतं. शेवटच्या क्षणी स्वस्त मिळण्याची आशा म्हणूनच सोडावी.

या कप्प्यांमुळे एक युक्ती हाती येते आणि ती फार थोडे लोक वापरतात. चौघांचं तिकीट एकदम शोधलं की संगणक चारही जागा एकाच कप्प्यातून द्यायला बघतो. समजा ₹3,200 च्या दोनच जागा उरल्यात आणि पुढचा भाव ₹3,900 आहे. चौघांसाठी शोधलंत तर पडद्यावर चौघांचाही दर ₹3,900 दिसेल, एकूण ₹15,600. तेच दोघा-दोघांचं वेगळं काढलं तर ₹14,200. आधी एका माणसाचा दर पाहावा, मग दोघांचा, मग चौघांचा. आकडा जिथे उडी मारतो तिथे तिकीट तोडावं. मात्र पीएनआर दोन झाले की कंपनीच्या लेखी ही दोन वेगळी कुटुंबं. उड्डाणाची वेळ बदलली तर दोन्हींसाठी स्वतंत्र फोन करावा लागतो. लहान मुलाच्या तिकिटात एक मोठं माणूस असायलाच हवं.

आता मुख्य प्रश्न: किती दिवस आधी? सगळ्या प्रवासांना एकच उत्तर देणारा माणूस ठोकताळा सांगत असतो. माझा ठोकताळा असा. दिल्ली, बंगळूर, हैदराबादसारख्या ठिकाणी मुंबईहून दिवसभर विमानं सुटतात. साध्या दिवसांत तिथलं तिकीट तीन ते सहा आठवडे आधी काढलं तर पुरतं, चार महिने आधी काढून हाती विशेष काही लागत नाही. जिथे दिवसाला एक-दोनच उड्डाणं आहेत तिथे तारीख पक्की झाली की लगेच काढावं. आखाती देशांसाठी दोन-तीन महिने, अमेरिका-कॅनडासाठी तीन ते पाच. सणाला मात्र हे सगळं बाजूला ठेवून वेगळा हिशेब करावा लागतो.

आचोळ्यात, तुळिंजमध्ये, एकूणच नालासोपारा पूर्वेला कोकणातली घरं भरपूर. तितकीच उत्तर भारतातली. गणपतीला पहिली गावी जातात, दिवाळी-छठला दुसरी. दोघांचीही पहिली धाव रेल्वेकडे. रेल्वेचं आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 दिवसांऐवजी 60 दिवसांवर आलं, आणि विमानाच्या तिकिटासाठीही माझ्या मते हीच तारीख महत्त्वाची झाली आहे. 2026 ची गणेशचतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी. शनिवारी 12 तारखेला निघणाऱ्या गाडीचं आरक्षण 14 जुलैला उघडतं. कोकण रेल्वेच्या गाड्या त्या सकाळी काही मिनिटांत वेटिंगवर जातात आणि वेटिंग मिळालेला माणूस त्याच दुपारी विमानाचे दर बघायला बसतो. एकाच आठवड्यात हजारो जण एकाच दिशेला, त्याच दोन-तीन तारखांना शोधू लागले की खालचे कप्पे किती टिकणार? म्हणून गणपतीचं विमान काढायचंच असेल तर जूनअखेरीस काढून मोकळं व्हावं. जुलैच्या मध्यानंतर थांबण्यात काही शहाणपण नाही. दिवाळीचं तसंच. 2026 चं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. शुक्रवार 6 नोव्हेंबरच्या गाडीचं आरक्षण 7 सप्टेंबरला उघडेल. वाराणसी, गोरखपूर, पाटणा, दरभंग्याला जाणाऱ्यांनी विमान त्याआधी बघावं. छठ दिवाळीनंतर सहा-सात दिवसांनी, त्यामुळे तिकडे गर्दी जास्त लांबते.

चतुर्थी सोमवारी आली की शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस सगळ्यांना हवे असतात. बुधवारी 9 किंवा गुरुवारी 10 तारखेला निघता आलं तर दरातला फरक एका रजेच्या पगाराहून मोठा असू शकतो, हिशेब ज्याचा त्याने करावा. सणाच्या गर्दीला दिशाही असते, हे विसरू नये. चतुर्थीआधी मुंबईहून गोव्याकडे जाणारं विमान भरतं, परतीचं तितकं भरत नाही. गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर उलट. ज्यांचे म्हातारे आईवडील गावी आहेत आणि गणपती आचोळ्यातच बसतो, त्यांनी आईवडिलांना इकडे आणलं तर तिकीट उलट्या दिशेचं, म्हणजे स्वस्त पडतं. गावचा गणपती सोडून यायला ते तयार होतील की नाही, हे मी सांगू शकत नाही.

देशांतर्गत प्रवासात जाण्या-येण्याचं तिकीट एकत्र काढून बहुतेक वेळा काहीच वाचत नाही. दोन एकेरी भाडी फक्त बेरीज होऊन येतात. तेव्हा जाताना एक कंपनी, येताना दुसरी, असं खुशाल करावं. परदेशी जाताना उलट आहे. तिथे परतीसह तिकीट दोन एकेरींपेक्षा बहुधा बरंच स्वस्त असतं.

गोव्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. जानेवारी 2023 पासून तिथे दोन विमानतळ आहेत. मोपा पेडणे तालुक्यात, बांद्याला जवळजवळ खेटून. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या माणसाला तोच सोयीचा. दाबोळी मुरगाव तालुक्यात, आणखी दक्षिणेला. शोधताना नुसतं गोवा लिहिलं की दोन्हींचे दर एकत्र येतात आणि पाचशे रुपये स्वस्त म्हणून दाबोळीचं तिकीट काढलेला माणूस बांद्यापर्यंतच्या टॅक्सीला त्याच्या कितीतरी पट मोजतो. मोपाचा कोड जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. पैसे भरण्याआधी तेवढं वाचावं. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 ला झालं. पण तिथल्या उड्डाणांचं वेळापत्रक वेळोवेळी बदलत आलं आहे, म्हणून चिपीच्या भरवशावर सणाचा बेत आखण्याआधी त्या महिन्याची उड्डाणं तपासावीत.

तिकिटाचा आकडा हा झाला निम्मा खर्च. आचोळ्याच्या माणसाचा प्रवास आचोळे रोडवर सुरू होतो, सहारच्या विमानतळावर नाही. नालासोपारा स्टेशनपर्यंत रिक्षा, तिथून अंधेरी लोकलने वीस रुपयांच्या आत, अंधेरीहून मेट्रो 1 ने मरोळ नाका, तिथे मेट्रो 3 मध्ये बदललं की पुढचंच स्टेशन टर्मिनल 2. त्याच मार्गावर आणखी पुढे टर्मिनल 1. एकट्या माणसाचा हा सगळा खर्च दीडशेच्या आसपास बसतो. टॅक्सीने जायचं तर वसई फाट्याहून महामार्ग, वर्सोवा पूल, दहिसर, आणि हजार-दीड हजार रुपये. पुलाच्या अलीकडे कोंडी लागली तर पैसे तेवढेच, पण विमान जातं.

गोम अशी की स्वस्त विमानं बरेचदा पहाटेची असतात. पावणेसहाच्या विमानासाठी साडेचारला विमानतळावर असायला हवं. विरारहून पहिली लोकल पहाटे साडेतीनच्या आसपास सुटते, ती अंधेरीला पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो आणि त्या वेळी मेट्रो सुरू झालेली नसते. म्हणजे टॅक्सीच. आता बेरीज करून पाहा. समजा पहाटेचं तिकीट ₹3,200 आणि सकाळी साडेअकराचं ₹3,650. एकटा माणूस पहाटे निघाला तर ₹3,200 आणि टॅक्सीचे ₹1,400, एकूण ₹4,600. साडेअकराला निघाला तर ₹3,650 आणि ₹150, एकूण ₹3,800. स्वस्त तिकीट आठशे रुपयांनी महाग पडलं. तेच चौघं निघाले तर पहाटेचे ₹14,200 आणि साडेअकराचे, रिक्षा-लोकल-मेट्रो धरून, ₹14,900. इथे पहाटेचं ₹700 ने स्वस्त. पण चौघं माणसं आणि गणपतीच्या सामानाच्या चार बॅगा छोट्या टॅक्सीत बसत नाहीत. मोठी गाडी केली की ते सातशेही गेलेच. रात्री उशिरा मुंबईत उतरणाऱ्या विमानाचंही हेच. बॅग पट्ट्यावरून हातात येईपर्यंत शेवटची विरार लोकल अंधेरीहून निघून गेली असेल तर वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याचे.

25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. काही मार्गांवर तिथलं मूळ भाडं मुंबईपेक्षा कमी दिसतं. त्याला भुलण्याआधी दोन गोष्टी. आचोळ्याहून तो विमानतळ सत्तरएक किलोमीटर, घोडबंदर आणि ठाणे ओलांडून. वसई रोडहून दिवामार्गे पनवेलला मेमू जाते, पण तिच्या फेऱ्या इतक्या मोजक्या की विमानाची वेळ जुळणं नशिबाचा भाग. दुसरी गोष्ट वापरकर्ता विकास शुल्काची, म्हणजे तिकिटावर यूडीएफ लिहिलेलं असतं त्याची. विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाने 2025 मध्ये ठरवलेल्या दरांनुसार मुंबईहून देशांतर्गत निघणाऱ्याला ₹175, उतरणाऱ्याला ₹75. नवी मुंबईला तात्पुरते दर निघताना ₹620 आणि उतरताना ₹270. येऊन-जाऊन माणशी ₹640 चा फरक, कर वेगळे. हे दर बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी भाड्याचा तपशील उघडून त्या दिवसाचा आकडा पाहावा. ठाणे-कल्याणच्या माणसासाठी नवी मुंबई ठीक आहे. आपल्यासाठी, दर खरोखरच फार खाली असल्याशिवाय, नाही.

तिकिटाच्या तपशिलात यूडीएफखेरीज सुरक्षा शुल्क असतं, जीएसटी धरून ₹236. साध्या वर्गाच्या भाड्यावर 5 टक्के जीएसटी असतो. छोट्या शहरांना जोडणाऱ्या योजनेसाठी थोडी आकारणी असते. मग येतं सोयीचं शुल्क, कन्व्हिनियन्स फी. ते माणशी आणि फेरीमागे लागतं, म्हणून चौघांच्या जाण्यायेण्यात हजार-दोन हजार सहज होतात. हे सरकारी शुल्क नव्हे. काही कंपन्या स्वतःच्या अॅपवर किंवा ठराविक पद्धतीने पैसे भरल्यास ते माफ करतात. दर तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर शोधावं जरूर, दरवाढीची सूचना लावून ठेवावी, पण शेवटचा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून मगच पैसे भरावेत.

पैसे भरण्याच्या पानावर विमा, धर्मादाय देणगी, पसंतीची खिडकी, जेवण असं काहीबाही आधीच खूण केलेलं आढळलं तर खूण काढावी. ग्राहकाने न मागता टोपलीत वस्तू टाकणं आणि किंमत थेंबाथेंबाने उघड करणं, या दोन्ही गोष्टी नोव्हेंबर 2023 मध्ये निघालेल्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित ठरतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. विमानसेवेच्या तक्रारींसाठी सरकारचं एअरसेवा संकेतस्थळ आहे. पडद्याचं छायाचित्र काढून ठेवलं तर तक्रार टिकते.

सामानाचं वेगळं. देशांतर्गत साध्या तिकिटात बहुधा 15 किलोची एक बॅग आणि हातात 7 किलो. पण एअर इंडिया एक्सप्रेसच्या एक्सप्रेस लाइटसारख्या भाड्यात चेक-इन बॅग धरलेलीच नसते. म्हणून ते यादीत सगळ्यांत वर, सगळ्यांत स्वस्त दिसतं. गावी जाताना आपण हलके जाऊही, येताना तांदूळ, कोकमं आणि काजू घेऊन येणार. जादा किलो आधी ऑनलाइन घेतले तर कमी लागतात, काउंटरवर घेतले तर डोळे पांढरे होतात. नारळ चेक-इन बॅगेतही चालतील की नाही हे कंपनीच्या यादीत आधी पाहावं, तिथे वाद घालून उपयोग नसतो.

तिकीट काढल्यावर दर उतरला तर? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार उड्डाण किमान सात दिवस पुढे असेल तर तिकीट काढल्यापासून निदान 24 तास ते जादा आकार न भरता रद्द करता किंवा बदलता येतं. बदललं तर नव्या भाड्यातला फरक तेवढा भरावा लागतो. ही मुदत 48 तासांची करण्याचा मसुदा नोव्हेंबर 2025 मध्ये निघाला होता, तेव्हा काढतेवेळी कंपनीच्या पानावर चालू मुदत वाचावी. या सवलतीचा खरा उपयोग असा की बरा दर दिसला की लगेच काढावं आणि मुलांच्या परीक्षा, ऑफिसची रजा, बहिणीचा बेत हे सगळं त्या मुदतीत नक्की करावं. लोक नेमकं उलट करतात, आणि बेत नक्की होईपर्यंत कप्पा संपतो. दुसरा नियम त्याहून कमी लोकांना माहीत आहे. तिकीट परतावा नसलेल्या वर्गातलं असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळतात. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. गेलेल्या तिकिटाचे सहा-सातशे रुपये कशाला मागायचे म्हणून लोक सोडून देतात. चौघांचे ते अडीच हजार होतात.

भाड्यावर सरकारची मर्यादा का नाही, असं बरेच जण विचारतात. एरवी भाडं ठरवायला कंपन्या मोकळ्या आहेत. करोनाकाळात 25 मे 2020 पासून 31 ऑगस्ट 2022 पर्यंत मर्यादा होती. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली तेव्हाही सरकारने काही काळ ती आणली. 500 किलोमीटरपर्यंत ₹7,500, 1,000 पर्यंत ₹12,000, 1,500 पर्यंत ₹15,000 आणि त्यापुढे ₹18,000, कर आणि शुल्कं वगळून. मर्यादा म्हणून सरकारला कोणता आकडा योग्य वाटला, हे यावरून कळतं. मुंबई-गोवा त्यातल्या पहिल्या टप्प्यात येतं. त्या मार्गाला एका बाजूचे साडेसात हजारांहून जास्त मागितले जात असतील तर मी तरी तारीख बदलेन, नाहीतर रेल्वे बघेन. ऑगस्ट 2024 पासून वांद्र्याहून मडगावला जाणारी आठवड्यातून दोनदाची गाडी वसईला थांबते, तिच्यासाठी दादर-ठाण्याला जावं लागत नाही.

वसईच्या ख्रिस्ती घरांतली कितीतरी माणसं आखातात, इस्रायलमध्ये, कॅनडात कामाला आहेत. त्यांच्यासाठी दर चढण्याचे हंगाम वेगळे. आखातातल्या शाळांना सुट्टी लागते तेव्हा, म्हणजे जूनअखेरीस-जुलैत, तिकडून इकडे येणं महाग आणि ऑगस्टअखेर परत जाणं महाग. नाताळला 18 ते 24 डिसेंबर ही सगळ्यांत वाईट तारखांची रांग. तिकडच्या मालकाने रजा दिली तर 12-13 डिसेंबरला निघावं आणि परतीला जानेवारीचा पहिला आठवडा टाळावा. नातवंडांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांना तारखांचं बंधन नसतं. त्यांनी फेब्रुवारी-मार्च किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडावा. मे-जूनमध्ये तेच तिकीट खूप वर जातं. मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असू द्यावेत. वेगवेगळी तिकिटं जोडून दहा हजार वाचतात, पण पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

राहिला आचोळे रोडवरचा एजंट. त्याच्याकडे कधी कधी कंपनीच्या संकेतस्थळापेक्षा खरोखरच स्वस्त तिकीट असतं, यात लबाडी असतेच असं नाही. मोठे व्यापारी सणासुदीच्या तारखांच्या जागा कित्येक महिने आधी घाऊक घेतात आणि एजंटांमार्फत विकतात. धंद्यात याला सिरीज फेअर किंवा फिक्स डिपार्चर म्हणतात. दर ठरलेला, तारीख ठरलेली. पण रद्द केलं तर बहुधा काहीच परत मिळत नाही, नाव बदलत नाही, आणि प्रवाशाचं नाव कंपनीकडे बरेचदा अगदी शेवटी नोंदवलं जातं. तोवर हातात फक्त एजंटची पावती असते. बेत शंभर टक्के पक्का असेल तर असं तिकीट घ्यायला हरकत नाही. घेताना मात्र ते सिरीजचं आहे का हे सरळ विचारावं, पीएनआर कोणत्या तारखेला मिळणार ते पावतीवर लिहून घ्यावं, आणि तो हाती आला की कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून आपलं नाव, तारीख आणि बॅगेचे किलो तपासावेत.